चिपटं, झारा, ओळंबा : सुट्टीत पोरांना घेऊन घरच्या घरी काय करता?

शहापूरची_आई
आमच्या बेळगावच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच सुट्टी लागली. पुण्याची भाचरं अजून अभ्यासात, आणि माझी दोघं (थोरला आता पाचवीत जाईल, धाकटी दुसरीत) सकाळी आठपासून "आई, काय करू?" म्हणून पदराला. मोबाइल द्यायचा नाही असं ठरवलं, म्हणून पहिल्या दिवशी सगळे करतात तेच केलं. वाटीत खायचा सोडा, वर व्हिनेगर, झाला ज्वालामुखी. फसफसलं, ओटा माखला, "परत कर" आठ वेळा झालं आणि सोड्याची डबी संपली. प्रश्न एकही आला नाही. फटाका उडवला काय आणि हे काय, सारखंच.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी, आणि ती मी ठरवलेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "दोन चिपटी तांदूळ काढ." थोरल्यानं विचारलं, चिपटं म्हणजे किती एमएल? त्या म्हणाल्या, चिपटं म्हणजे चिपटं. मग माळ्यावरून मापं खाली आली. चिपटं, मापटं, शेर आणि पायली घरात होती, कोळवं शेजारणीकडून आणलं. पोरगं दोन तास तांदूळ ओतत बसलं आणि कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून काढलं :

२ निळवी = १ कोळवं, २ कोळवी = १ चिपटं, २ चिपटी = १ मापटं, २ मापटी = १ शेर, २ शेर = १ अडशेरी, २ अडशेऱ्या = १ पायली.

निळवं आणि अडशेरी घरात नाही, ती सासूबाईंनी तोंडी सांगितली. म्हणजे निळवं १ धरलं तर १, २, ४, ८, १६, ३२, ६४. सगळं दुपटीत! मी बी.कॉम. झालेली बाई, आयुष्यभर हे शब्द ऐकले, कधी लक्षात आलं नव्हतं. मग मी त्याला विचारलं, प्रत्येक माप एकेकच आहे, तर १०० निळवी तांदूळ कसे मोजशील? अर्ध्या तासानं उत्तर आलं : पायली, अडशेरी आणि चिपटं. ६४ आणि ३२ आणि ४. आता तो १ ते १२७ पर्यंत सगळे आकडे तपासतोय. जमतात सगळे.

एकच नियम केलाय. ओतायच्या आधी अंदाज कागदावर लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. धाकटीचा अंदाज बहुतेक वेळा "शंभर" असतो. असू दे.

तुमच्याकडे असलं काही असेल तर सांगा. दुकानातलं किट नको, घरातलंच पाहिजे.

रविवारपेठ_किराणा
ताई, मापाचा विषय काढलात म्हणून लिहितो. आमच्या आजोबांचं धान्याचं दुकान होतं. ते म्हणायचे, माप बघू नको, मापाचं तोंड बघ. लहानपणी कळलं नव्हतं, आता पोरीला घेऊन करून बघितलं.

धान्य मोजताना वर शीग लावतात ना, ढीग करून? ती शीग किती मोठी होईल ते मापाच्या तोंडावर ठरतं. तांदळाचा ढीग ठराविक उतारापलीकडं उभा राहत नाही, घसरतो. म्हणजे तोंड रुंद झालं की ढीग रुंदही होतो आणि त्याच प्रमाणात उंचही होतो. तोंडाचा व्यास दुप्पट केला की शीग दुप्पट नाही, चौपट नाही, आठपट!

आम्ही ८ सेंटिमीटर तोंडाचा पेला घेतला आणि १६ सेंटिमीटरचं पातेलं. भरून वरून हात फिरवून सपाट केलं, मग शीग लावली, मग नुसती शीग ताटात काढून वजन केलं. पेल्याची ३० ग्रॅम, पातेल्याची सव्वादोनशे. साडेसातपट. पोरगी म्हणाली, "आठ का नाही आलं?" कारण पातेल्यावर ढीग चढवताना चार दाणे जास्तच सांडले आणि टोक नीट आलंच नाही. हे तिचं तिनंच शोधलं.

आता कळलं ना, घेताना पसरट माप आणि विकताना उभट माप कशाला वापरत असतील? आजोबांनी केलं असं नाही म्हणत हां मी.

कुंदा_खाऊ
"प्रकरण शिगेला पोचलं" म्हणजे हे होय! इतकी वर्षं पेपरात वाचतोय.

निपाणीकर_मास्तर
फारच सुंदर. मी प्राथमिकला २९ वर्षं शिकवलं. शिगेचा हा मुद्दा मला त्या काळात सुचला असता तर घनफळाचा धडा मी वेगळ्या तऱ्हेनं घेतला असता.

रविवारपेठ, पुढची पायरी सुचवतो. तांदळाऐवजी पोहे, रवा, मोहरी, तूरडाळ घ्या. प्रत्येकाचा उतार वेगळा पडतो. मोहरी गोल, ती लवकर घसरते, तिची शीग बसकी. ताटात ढीग करायचा, बाजूला पट्टी उभी धरून उंची मोजायची आणि तळाची त्रिज्या मोजायची. उंचीला त्रिज्येनं भागा. ढीग लहान असो की मोठा, एका धान्याचा आकडा साधारण तोच येतो. पाचवीच्या मुलाला 'टॅन थीटा' शिकवायची गरज नाही, भागाकार पुरे.

आणि शहापूरच्या ताई, तुमच्या मापांच्या उलट खेळ तराजूवर करा. कपड्याच्या हँगरला दोन करवंट्या बांधल्या की तराजू तयार. पाच रुपयांची एकसारखी पिवळी नाणी घ्या, ती वजन म्हणून चालतात. वाळूच्या पुड्या बांधा : १, ३, ९ आणि २७ नाण्यांच्या वजनाच्या. फक्त या चार पुड्यांनी १ पासून ४० नाण्यांपर्यंत कुठलंही वजन करता येतं. अट अशी की पुडी मालाच्या पारड्यातही टाकायला परवानगी. २ कसं करायचं? ३ ची पुडी एकीकडे, १ ची मालाबरोबर. बाकीचं मुलांना करू द्या, सांगू नका.

टिळकवाडी_टेक
पायलीत चार शेर हे ठीक, पण पायली सगळीकडे सारखी नव्हती. आमच्या चंदगडच्या मामाची पायली आणि इथली पायली यावरून लग्नात भांडण झालेलं मी स्वतः बघितलंय. मुलांना 'प्रमाणित एकक' का लागतं ते शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही. दोन घरांतली चिपटी आणा, एकीनं दुसरी भरा.

शहापूरची_आई
केलं! शेजारच्या अज्जींचं (त्या कन्नड, त्या 'सेरु' म्हणतात) माप आणलं. आमच्या शेरात ओतलं तर जवळजवळ अर्धी वाटी उरले. दोघी म्हाताऱ्या आपापलं माप खरं म्हणून बसल्यात. पोरं खूश.

अजून एक. थोरला इंग्रजी माध्यमात, त्याला 'रेडियस' येतं, 'त्रिज्या' येत नव्हतं. अज्जींचा नातू कन्नड शाळेत, त्यालाही 'त्रिज्य' आणि 'व्यास'च शिकवलंय. म्हणजे शेजाऱ्याला आणि आजीला कळतं, आमच्याच दिवट्याला नाही. मग पराती, डबे, बांगड्या, तवा सगळ्यांना दोरी गुंडाळून परीघ भागिले व्यास केलं. ३.१ ते ३.२ आलं. भाकरीचं ३.४ आलं, कारण भाकरी माझी होती.

खानापूर_रोड
हे सगळं चांगलंय, खरं परीक्षेत विचारतात काय? पोराला मार्क पडायला नकोत काय वो?

निपाणीकर_मास्तर
विचारत नाहीत. पण घनफळाचं सूत्र विसरलं तर तांदूळ आठवतो, एवढं मी बघितलंय.

जांबोटी_खोरं
आमी शेतकरी माणसं, आमच्याकडं हे प्रयोग म्हणून नाय, काम म्हणून असतंय. भाताचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकतो. पाणी किती खारट पायजे? बटाटा टाकायचा. साध्या पाण्यात बुडतो. मीठ घालत जायचं, ढवळत जायचं, बटाटा वर आला की पाणी तयार. मग बी टाकायचं, पोचट वर तरंगतंय, भरलेलं खाली बसतंय. खालचं घ्यायचं आणि चांगल्या पाण्यात दोन-तीनदा धुवायचं, नायतर मीठ बियाला मारतंय.

पोराला काम दिलंय : एक-एक चमचा मीठ मोजत घाल आणि बटाटा कुठल्या चमच्याला उठतो लिही. मग तेवढ्याच पाण्यात अंडं टाकून बघ. बटाटा आदी की अंडं आदी? त्यानं अंडं लिवलं. मी सांगत नाय काय झालं ते, तुमी करा.

टिळकवाडी_टेक
ताजं अंडं की शिळं, ते आधी सांगा. शिळं अंडं साध्या पाण्यातही उठतं.

जांबोटी_खोरं
कोंबडीनं सकाळी दिलेलं.

कुंदा_खाऊ
आमच्याकडे अंडं चालत नाही, त्यामुळे लिंबू. लिंबू सालासकट आणि साल काढून. करून बघा, आई ओरडेल एवढंच.

रंगांचंही लिहितो. हळदीचं पाणी करून कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या. साबणाचं पाणी लावलं की लालभडक, वर लिंबू पिळलं की परत पिवळं. गोकर्णीची निळी फुलं गरम पाण्यात चुरली तर त्याहून भारी : लिंबानं जांभळं-गुलाबी, सोड्यानं हिरवं. पोरांनी घरातलं सगळं तपासलं : दही, चिंच, शांपू, ताक, टूथपेस्ट, आमसुलाचं सार. लेकीनं हळदीच्या कागदावर साबणाच्या पाण्यानं काडीनं चित्र काढलं, लाल उमटलं.

एक महत्त्वाचं. कुंकू हळद आणि चुन्याचं होतं म्हणून कुणीतरी पोरांच्या हातात पानाच्या डब्यातला चुना देईल. देऊ नका. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. साबण आणि खायचा सोडा पुरे.

टिळकवाडी_टेक
लिंबाची बॅटरी कुणी केली का? व्हिडिओत दिवा लखलखतो, आमच्याकडे दोन दिवस काही नाही. मुलगा रडकुंडीला आला. शेवटी कारणं सापडली ती लिहितो, म्हणजे दुसऱ्याचं मूल रडणार नाही.

एका लिंबातून (जस्त चढवलेला खिळा आणि तांब्याची तार) एक व्होल्टही धड मिळत नाही. लाल एलईडीला दोनच्या जवळपास लागतात. म्हणजे तीन लिंबं तरी एकापुढे एक, एकाचं तांबं दुसऱ्याच्या खिळ्याला. आम्ही चार लावली. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे, उलट लावला तर पेटतच नाही. साधा टॉर्चचा बल्ब तर विसराच, त्याला लागतो तेवढा प्रवाह लिंबं देत नाहीत. आणि अंधार करा. दिवा लागतो तो 'लागलाय का?' असं विचारण्याइतकाच. गणपत गल्लीत घासाघीस करून आणलेला खिळा जस्ताचा नव्हताच, हे आमचं चौथं कारण.

मुलगा म्हणाला, वीज लिंबात असते. बटाट्यावरही केलं, मिठाच्या पाण्यावरही केलं, तेव्हा त्याचा विश्वास उडाला. झिजतो तो खिळा. आठवड्यानं खिळा काढून दाखवला, काळवंडलेला.

शहापूरची_आई
मास्तर, उन्हाचं काही सांगा ना. आमचं जुनं कौलारू घर, दुपारी माजघरात कवडसे पडतात, पोरं त्यांच्यावरून उड्या मारतात.

निपाणीकर_मास्तर
उड्या थांबवा आणि एक विचारा : कौलांमधली फट वेडीवाकडी, मग कवडसा गोल का?

पुठ्ठ्याला चौकोनी, त्रिकोणी, चांदणीसारखी बारीक भोकं पाडा. पुठ्ठा जमिनीजवळ धरला की कवडसा चौकोनी, त्रिकोणी. वर वर नेत गेलात की सगळे गोल. तो गोल म्हणजे भोक नाही, सूर्याचं चित्र आहे. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात आमच्या अंगणात मी बुंदीचा झारा धरला होता, खाली शेकडो चंद्रकोरी. गल्लीतली बायामाणसं ग्रहणात बाहेर येत नाहीत, ती दारातून वाकून झारा बघत होती. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, साध्या दिवशीही नाही. आपण कवडशाकडे बघतो, सूर्याकडे पाठ.)

आता मापा. भोकापासून कवडशापर्यंतचं अंतर भागिले कवडशाचा व्यास. भोक बारीक असेल तर साधारण १०७ येतं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे हे मुलांना पाठ असतं. त्याला १०७ नं भागलं की सूर्याचा व्यास, १४ लाख किलोमीटर. माजघरात बसून.

आणि आता मला तुमची मदत पाहिजे. ४ मेच्या आसपास बेळगावात दुपारी साधारण साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. बेळगावचा अक्षांश १५.८५ अंश, आमच्या निपाणीचा १६.४. म्हणजे आमच्याकडे तो दिवस दोनेक दिवसांनी. तुमच्याकडे सावली शून्य असेल त्याच दिवशी, त्याच वेळी मी इथली सावली मोजतो. पृथ्वीचा परीघ काढायला इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसनं हेच केलं होतं, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. तिकडे फरक ७.२ अंशांचा, आपला अर्ध्या अंशाचा, म्हणून आपलं अवघड.

टिळकवाडी_टेक
मास्तर, नुसती काठी चालणार नाही. सूर्याच्या बिंबाचाच व्यास अर्धा अंश आहे, त्यामुळे सावलीची कड तेवढीच धूसर होणार. मोजायचंय तेवढंच धुकं.

निपाणीकर_मास्तर
बरोबर धरलंत. म्हणून काठी नाही, २ मीटरच्या पाइपाच्या टोकाला आडवा पुठ्ठा, त्याला बारीक भोक. खाली दोनेक सेंटिमीटरचा कवडसा पडेल. त्याचा मध्य घ्यायचा. भोकातून ओळंबा सोडून खाली खूण करायची, आणि त्या खुणेपासून कवडशाच्या मध्यापर्यंत मोजायचं. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा, दोऱ्याला कुलूप बांधलं तरी चालतं. जमीन पाणसळीनं तपासा.

शहापूरची_आई (४ मे, दुपार)
सकाळपासून गच्चीवर. सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी खूण. १२.२९ ला कवडसा ओळंब्याच्या टोकावर!! थोरल्याचा अंदाज होता १२.००. "घड्याळात बारा म्हणजे माध्यान्ह नाही का?" म्हणून भांडला. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७४.५ वर, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं उशीर. ती हिशेबाची तीन मिनिटं कुठं गेली मास्तर?

निपाणीकर_मास्तर (४ मे, संध्याकाळ)
पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर कधी पुढे कधी मागे. मेच्या सुरुवातीला सुमारे तीन मिनिटं पुढे. तुमचं निरीक्षण चोख आहे.

आमचा कवडसा ओळंब्याच्या उत्तरेला. माझं माप २.३ सेंटिमीटर, नातीचं २.१, आणि तिनं पट्टी वाकडी धरली असं मी म्हटल्यावर ती रुसली. तुमच्या-आमच्या गावातलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर ६१ किलोमीटर (हायवेनं जास्त भरतं, ते घ्यायचं नाही). २.३ भागिले २०० म्हणजे ०.०११५, त्याचे अंश करायला ५७.३ नं गुणलं की ०.६६ अंश. ३६० ला ०.६६ नं भागून ६१ नं गुणलं : पृथ्वीचा परीघ ३३ हजार ३०० किलोमीटरच्या आसपास. खरा ४० हजार.

आणि नातीच्या २.१ नं ३६ हजार ५०० येतो. तिचंच माप जास्त खरं निघालं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

रविवारपेठ_किराणा
दोन मिलिमीटरला तीन हजार किलोमीटर? आमच्या तराजूत एवढी चूक झाली तर गिऱ्हाईक दुकान फोडेल.

कुंदा_खाऊ
सांगा हो तिला. आणि परत कधी?

निपाणीकर_मास्तर
सांगितलं. आता माझ्या हातात पट्टी देत नाही. परत सूर्य डोक्यावर येतो ८-९ ऑगस्टला, म्हणजे श्रावणसरींत. कवडसा कुठला, छत्री धरायची. पुढच्या मेमध्ये खानापुरातून कुणी धरलं तर अंतर ८० किलोमीटरच्या पुढं जातं आणि चूक कमी होते.

खानापूर_रोड
मी धरतो. पाइप आहे घरात.

जांबोटी_खोरं
ऊन नाय तर पाऊस मोजा. आता शाळा उघडतील, पाऊस येतोयच. सरळ भिंतीची बाटली घ्यायची, गळा कापून उलटा आत बसवायचा म्हणजे पाणी उडून जात नाय. बूड उंचसखल असतंय, तिथपर्यंत आदी पाणी भरून शून्याची रेघ मारायची. उघड्यावर ठेवायची, पागोळीखाली नको. रोज सकाळी साडेआठला बघायचं.

शहापूरची_आई
थोरल्याला पटेना. परातीत जास्त पाऊस पडतो म्हणाला. मग परात, बाटली आणि बादली तिन्ही गच्चीवर. वळवाची एक सर झाली : परात ९ मिलिमीटर, बाटली ९, बादली १२. बादली का जास्त? ती वर रुंद, खाली अरुंद. पाणी झेलते रुंद तोंडानं, साठवते अरुंद बुडाला. ("हे शिगेच्या उलट!" ही धाकटी. मला वाटलं होतं तिचं लक्षच नव्हतं.)

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. आमची हजार चौरस फुटांची गच्ची ९३ चौरस मीटर भरली, ९ मिलिमीटरला ८३० लिटरच्या वर पाणी एका सरीत. सासूबाईंनी लगेच विचारलं, मग ते गटारात का सोडता?

सगळ्यांनी जूनपासून इथं आकडे टाकायचे का?

अथणीचा_पाव्हणा
आमची पण बाटली लावलो. अंदाज पण लिवलो.

जांबोटी_खोरं (जूनचा शेवटचा आठवडा)
कालची बाटली रात्रीतच भरून वाहून गेली. आकडा नाय. आज दोन लिटरची लावलीय.

शहापूरची_आई
शहापूर ३४.

निपाणीकर_मास्तर
निपाणी ११. नातीनं मोजलं.

अथणीचा_पाव्हणा
अथणी शून्य. बाटलीत कोळ्यानं जाळं विणलंय, ते काढू काय नको?